सूज, गोवर आणि सहा आठवड्यांची वाट

संग्रामपूरकडचे पालक सकाळी डोळे सुजलेलं मूल घेऊन आले की दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला पाण्याचा. हा खारपाणपट्टा, गावोगावी किडनीचे रुग्ण, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण तो आजार बहुधा मोठ्या माणसांचा असतो. त्यात किडनी हळूहळू निकामी होते आणि सुरुवातीला लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत. लहान मुलाच्या लघवीला फेस येतो, अंग सुजतं, रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं, तो नेफ्रोटिक सिंड्रोम. हा वेगळा आजार आहे.

दुसरा प्रश्न एका वडिलांनी विचारला होता. "डॉक्टरसायेब, गोळी लागू पडते का नाही, हे रगत तपासून पयलेच कळत नाही का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरासाठी गेली पन्नास वर्षं संशोधन चालू आहे.

लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अल्ब्युमिन असलं की ती दुधासारखी गढूळ होई. अंगावरची सूज, अशी लघवी आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध त्यांनी 1827 मध्ये मांडला. निदान झालं, पण उपाय नव्हता. पुढची शंभर वर्षं अशी अनेक मुलं पोटातल्या किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गाने दगावत. पेनिसिलिन आल्यावर ते मृत्यू कमी झाले, सूज मात्र राहिली.

याच काळात डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. सुजलेल्या मुलाला गोवर निघाला की काहींची सूज आपोआप उतरे आणि लघवी स्वच्छ होई. 1940च्या दशकात काही डॉक्टरांनी तर मुलांना मुद्दाम गोवरची लागण करून पाहिली! आज वाचताना अंगावर काटा येतो, पण हातात दुसरं काही नव्हतं हेही खरं. (आज कोणी असं करू नये. अशा मुलांना गोवर फार धोक्याचा ठरू शकतो.)

1950च्या सुमारास कॉर्टिसोन आलं, मग प्रेडनिसोलोन, आणि चित्र पालटलं. मात्र सगळ्यांचं नाही. 1967 मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अनेक देशांतल्या पाचशेहून अधिक मुलांच्या किडनीचा तुकडा तपासून औषधाचा परिणाम पाहिला गेला. ज्यांच्या किडनीत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच बिघाड दिसत नव्हता, त्यांपैकी 93 टक्के मुलांना स्टेरॉईड लागू पडलं. किडनीत ठिकठिकाणी चट्टे असलेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. बहुतेक मुलं पहिल्याच गटातली, मग प्रत्येकाची बायोप्सी कशाला? थेट औषध द्यावं आणि पाहावं, ही पद्धत रूढ झाली. म्हणजे औषध हीच तपासणी.

त्याची किंमत मूल मोजतं. भारतात सध्या रोज पूर्ण मात्रा देऊन सहा आठवडे वाट पाहतात. तोवर प्रथिनं थांबली नाहीत तर 'स्टेरॉईड लागू नाही' असं म्हणतात आणि टॅक्रोलिमससारख्या औषधाकडे वळतात. तेवढ्या दिवसांत चेहरा गोल होतो, भूक अनावर होते, रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्गाची भीती राहते.

1974 मध्ये शालहूब नावाच्या डॉक्टरांनी गोवराचं ते कोडं पुन्हा उचललं. गोवर पांढऱ्या पेशींना दाबतो, स्टेरॉईडही दाबतं. मग रोगाचं मूळ किडनीत नसून रक्तातल्या एखाद्या घटकात असेल का? तेव्हापासून त्या घटकाचा शोध सुरू आहे. 2011 मध्ये 'सूपार' या प्रथिनावर मोठा गाजावाजा झाला, पण किडनीचं काम मंदावलं की ते तसंही वाढतं हे कळलं आणि भरवसा उडाला. लखनौच्या संजय गांधी संस्थेत पांढऱ्या पेशींवरचं औषध बाहेर फेकणारं प्रथिन मोजलं गेलं. इतरत्र रक्तातली अनेक प्रथिनं एकत्र मोजून अंदाज बांधायचा प्रयत्न झाला. यातलं काहीच अजून रोजच्या वापरात नाही.

रक्ताच्या नमुन्यातून ठाम उत्तर देणारी एक तपासणी मात्र आहे, जनुकांची. किडनीच्या गाळणीतलं नेफ्रिन 1998 मध्ये सापडलं, पोडोसिन 2000 मध्ये. यांच्या जनुकातच दोष असेल तर स्टेरॉईडचा सहसा उपयोग होत नाही. पण असा दोष थोड्याच मुलांत असतो आणि तपासणी महाग आहे. 2024 मध्ये नेफ्रिनवरच हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी मोठ्या अभ्यासात दिसल्या. आजार जोरात असलेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न घेतलेल्या मुलांपैकी 90 टक्क्यांत त्या होत्या. शालहूब यांचा अंदाज बराच जवळचा होता म्हणायचा. तरी स्टेरॉईड लागू पडेल का, हे त्यावरून पहिल्याच दिवशी सांगता येईल इतकं काम अजून झालेलं नाही.

त्या वडिलांना मी 'अजून नाही' एवढंच सांगितलं आणि एक वही दिली. रोज सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासायची, पट्ट्या संपल्या तर काचनळीत तापवून पाहायची. मुलीच्या आईने पहिले नऊ दिवस 'हिरवी' लिहिलं. दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या दिवशी 'पिवळी'.