कोचीच्या डेकवर, १७ मे २०२१

मे २०२१ चा दुसरा आठवडा. तुम्ही औरंगाबादेत आहात. शहराला नवं नाव मिळायला अजून अवकाश आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घाटी रुग्णालयाच्या आवारात, मेडिकलच्या रांगेत, फोनवर एकच शब्द ऐकून कान किटलेत: ऑक्सिजन. डोळे मिटा आणि साडेतीनशे किलोमीटर पश्चिमेला मुंबईच्या बंदरात उतरा. समोर आयएनएस कोची उभी आहे. माझगाव गोदीत बांधलेली, १६४ मीटर लांबीची, सुमारे साडेसात हजार टनांची विनाशिका. ३० सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. तिच्या पोटात ब्राह्मोस क्षेपणास्त्रं आहेत. आज मात्र क्रेन तिच्यावरून द्रव ऑक्सिजनचे कंटेनर आणि सिलिंडर उतरवतेय. कुवेतहून आणलेला माल आहे हा. नौदलानं या मोहिमेला ‘समुद्रसेतू-२’ असं नाव दिलंय.

शत्रूचं जहाज बुडवायला बांधलेली नौका आपल्या माणसांसाठी हवा वाहून आणते. हे डोळ्यांत साठवून घ्या, कारण पुढच्याच आठवड्यात हिला आणखी अवघड काम करायचंय.

१७ मे, सोमवार. तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूनं, समुद्रातूनच गुजरातकडे सरकतंय. कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेलेत, विमानतळ बंद आहे, बंदरातल्या बोटी दुहेरी दोरांनी जखडल्यात. अशा दिवशी शहाणा खलाशी किनारा सोडत नाही. तुम्ही कोचीच्या डेकवर आहात आणि कोची बाहेर निघालीय.

मुंबईपासून साधारण सत्तर किलोमीटरवर हीरा तेलक्षेत्र आहे. तिथं ‘पी-३०५’ नावाच्या बार्जवर २६१ माणसं आहेत: वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, इंजिनिअर. बार्ज म्हणजे तरंगती चाळच. तिला स्वतःचं इंजिन नसतं. टग ओढेल तिकडे जायचं आणि नांगरांच्या भरवशावर राहायचं. वादळात तिचे नांगर सुटले. भरकटत ती तेलाच्या एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळली, भोक पडलं, पाणी आत शिरलं. संध्याकाळी ती बुडाली आणि माणसं पाण्यात गेली.

आता ब्रिजवर, कॅप्टनच्या शेजारी उभे राहा. समोर काच नाही, पाण्याची भिंत आहे. लाटा सहा ते आठ मीटरच्या, म्हणजे तुमच्या गल्लीतल्या दुमजली घराएवढ्या. एवढ्या मोठ्या जहाजानं पाण्यातल्या माणसाजवळ जायचं कसं? फार जवळ गेलं तर लाट त्याला जहाजाच्या पोलादावर आपटेल. मागच्या बाजूला पंखे फिरताहेत, तिथं तो ओढला जाता कामा नये. लांब राहिलं तर दोरी पोचत नाही. रबरी बोटी खाली सोडणं म्हणजे आणखी माणसं गमावणं. आणि हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नाही. उरतो एकच मार्ग: वारा अंगावर घेऊन जहाज आडवं धरायचं, त्याच्या आडोशाला थोडं निवलेलं पाणी तयार करायचं, बाजूनं दोरखंडाची जाळी खाली सोडायची आणि माणसं वर चढायची वाट पाहायची.

चढायचं बळ मात्र त्यांच्यात उरलेलं नाही. कित्येक तास ती खारट पाण्यात आहेत, लाइफ जॅकेट घातलेली, एकमेकांचे हात घट्ट धरून. बचावलेल्यांनी नंतर सांगितलं, की बहुतेक लाइफ राफ्ट फाटके निघाले. तुम्ही सर्चलाइटचा झोत पाण्यावर फिरवता. नारिंगी ठिपका दिसतो, लाट येते, ठिपका जातो. पुन्हा दिसतो. खालून आवाज येतो की वाराच ओरडतो, कळत नाही. एक माणूस जाळीला हात घालतो, लाट त्याला सोडवून घेते. तो परत येतो. दोन नौसैनिक कंबरेला दोर बांधून जाळीवर ओणवे होतात, त्याच्या जॅकेटचा पट्टा पकडतात आणि त्याला डेकवर ओढून घेतात.

मध्यरात्रीपर्यंत साठेक माणसं वर आली आहेत. आयएनएस कोलकाता आणि इतर नौकाही कामाला लागल्यात. भटारखान्यात चहा उकळतोय, जहाजावरच्या डॉक्टरला बसायला वेळ नाही. एरवी या जहाजावर बाहेरच्या माणसाला सहजासहजी पाऊल ठेवता येत नाही. आज पोलादी गल्लीत भिंतीला टेकून, चादरी पांघरून, बिहार-बंगालपासून केरळपर्यंतचे कामगार बसलेत. १८ तारखेच्या सकाळी वारा थोडा उतरतो, तेव्हा हेलिकॉप्टरं आणि पी-८आय विमान शोधाला येतात. कोची १९ मे रोजी मुंबईत परतते. तिच्यावर वाचलेलेही आहेत आणि न वाचलेलेही.

उपनौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल मुरलीधर पवार यांनी ही चार दशकांतल्या अत्यंत अवघड शोधमोहिमांपैकी एक असल्याचं सांगितलं. पी-३०५ वरचे १८६ जण वाचले, त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ टगवरचे तेरापैकी दोघंच. मृतांचा आकडा ८६ वर गेला.

बचावकामात नौदलाचा हात त्या रात्री अचानक बसला नाही. तो कुठून आला ते पाहायला मागे चला.

जानेवारी २००५. तुम्ही इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या म्युलाबोह गावापुढे आहात. २६ डिसेंबरच्या त्सुनामीनं गाव पुसलंय. किनाऱ्याबाहेर आयएनएस निरूपक उभी आहे. तिचं रोजचं काम समुद्राची खोली मोजून नकाशे करण्याचं. आता ती तरंगतं इस्पितळ झालीय. तिच्याच वर्गातली जमुना श्रीलंकेत त्रिंकोमालीला हेच करतेय. घाईत केलेला हा जुगाड नव्हता. या सर्वेक्षण जहाजांच्या आराखड्यातच गरज पडली तर इस्पितळ व्हायची सोय होती. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं आधी कागदावर ती जागा राखून ठेवली होती. मला तो आराखडा आखणारा माणूस फार मोठा वाटतो.

तिथून पुढे मार्च २०१९, मोझांबिकचं बेरा बंदर. इदाई चक्रीवादळानं शहर झोडपलंय. नौदलाच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यातली जहाजं, सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाची सारथी, नवशिक्या अधिकाऱ्यांना घेऊन त्या भागात फिरत होती. ती तशीच बेराकडे वळली. वर्गातले कॅडेट थेट पुराच्या पाण्यात! त्यांनी १९२ लोकांना सुरक्षित हलवलं, वैद्यकीय शिबिरांत १३८१ जणांवर उपचार झाले. बघा, औरंगाबादेतली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मराठी मुलांना एनडीएसाठी तयार करतेय. समुद्र न पाहिलेली आपली मुलं तिथून अशा डेकवर पोचतात.

पुन्हा मे २०२१ मध्ये या. तौक्ते जाऊन पाच दिवस झालेत. आयएनएस मकर, तीही सर्वेक्षण जहाजच, सोनार फिरवत हीराच्या पाण्यात येरझाऱ्या घालतेय. तिनं तळाशी गेलेली पी-३०५ शोधलीय, पाणबुडे उतरताहेत. रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्यांवर मृतदेह लागताहेत. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासावा लागतोय. निरूपकेनं जखमींना खाटा दिल्या, मकरवर मेलेले शोधायची पाळी आली.

या प्रवासातून माझं मत पक्कं झालंय: युद्धनौका वादळात माणसं वाचवू शकते, इशारा न ऐकल्याची भरपाई करू शकत नाही. तौक्तेचे इशारे हवामान खात्यानं कित्येक दिवस आधीपासून दिले होते. बार्ज बंदरात आणायला वेळ होता. आणि ही वेळ पुन्हा येणार आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं, की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. तापलेल्या समुद्रावर कामाला जाणारी माणसं कमी होणार नाहीत.

म्हणून तुमच्या घरातलं, गावातलं कुणी तेलक्षेत्रावर कंत्राटी कामाला निघालं असेल, तर बॅग भरण्याआधी त्याला दोन प्रश्न मुकादमाला विचारायला लावा: लाइफ राफ्टची तपासणी शेवटची कधी झाली? आणि वादळाचा इशारा आला, तर बार्ज बंदरात न्यायचा निर्णय कोण घेणार? उत्तर मिळेपर्यंत त्याला बोटीत चढू देऊ नका.