रस्ता आला, वस्ती वाढली. कागदावर नाव कुणाचं?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंनी विचारलं, "समृद्धीच्या कडेला नवं नगर वसणार म्हणतात. वसलं तर त्यात आपलं काय?" उत्तर शोधायला आम्ही दीडशे वर्षं मागे गेलो.

रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव रुळावर आले, खामगाव बाजूला राहिलं. पण खामगावचा कापूसबाजार मोठा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत १३ किलोमीटरचा फाटा टाकला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. मग जिनिंग-प्रेसिंग आलं, अडते आले, गाव वाढलं. कापूस वेचायला बाया, जिनात राबायलाही बाया. मालकीच्या कागदावर बाईचं नाव मात्र क्वचितच.

आता नवी मुंबई पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. रेल्वे स्टेशनं आणि त्यांच्याभोवती वसाहती, असा बेत. मानखुर्द ते वाशी रेल्वे १९९२ साली सुरू झाली. शेतकऱ्यांना मात्र मोबदला थोडा मिळाला होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. जमिनीचा खरा भाव स्टेशन आल्यावर, रस्ता झाल्यावर वाढतो. म्हणून वाटा आधीच ठरवून घ्यावा लागतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्यातला सुमारे ८७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पूर्ण रस्ता ५ जून २०२५ रोजी. इंटरचेंजजवळ कृषी समृद्धी नगरं वसवायची, हा त्याच योजनेचा भाग. आपल्याकडे सिंदखेडराजा तालुक्यात सावरगाव माळ आणि मेहकर तालुक्यात साब्रा-काब्रा ही नावं त्यासाठी पुढे आली. जमीन देणाऱ्याला जिरायतीच्या २५ टक्के आणि बागायतीच्या ३० टक्के विकसित भूखंड, असा एक पर्याय २०१६ साली मांडला होता. रस्त्यासाठी मात्र बहुतेकांनी थेट खरेदीचे रोख पैसे घेतले.

पैसे असोत की भूखंड, मिळतात सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. आमच्या गटातल्या एका ताईंकडे माहेरची माणसं आठ वर्षांनी आली. साडी-चोळी आणली आणि सोबत हक्कसोडपत्रही. ताईंनी सही केली. "भावाशी वाकडं कशाला घेऊ?" म्हणाल्या. भावाचं घर आता पक्कं झालंय. ताई अजून मजुरीला जातात. आम्ही कुणाला भावाशी भांडा म्हणत नाही. पण सही करण्याआधी आपण काय सोडतोय, एवढं तरी कळायला हवं.

कायदा आपल्या बाजूने आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायची मोहीम शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' या नावाने चालवली. पुढे १९९२ साली सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. घरधन्याच्या संमतीने तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

आणि ज्यांच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, त्या मैत्रिणींचं काय? नगराचा आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. मजुरांची घरं कुठे, पाणी कुठून, बायांसाठी शौचालय कुठे, आठवडी बाजाराला आणि गटाच्या मालाला जागा कुठे, हे त्या मुदतीत लेखी विचारायचं. एकटीचा अर्ज मागे पडतो, गटाचा पडत नाही.

तर पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकासोबत घरचा सातबारा आणि आठ-अ चा उतारा आणा. आम्ही मिळून वाचू. सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर. त्या मातीतल्या लेकींनी आपलं नाव शोधायला लाजायचं कशाला?