बारशाआधीची मोजणी

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा आजचा भाग लिहून टाकतोय. बोलताना सुटलेलं एक-दोन ठिकाणी जोडलंय.

तर झालं असं. मी जवाहरनगरचा, फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेला. दिवाळीला घरी आलो होतो आणि गुगल स्कॉलरवर उगाच एकेक नाव टाकून बघत होतो. कुणाचे पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. सवयच लागलीय. ऑफिसात आमचंही असंच चालतं, किती तिकिटं बंद केली आणि किती कोड टाकला यावर माणूस मोजतात.

एच-इंडेक्स ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००५ मध्ये होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं ही युक्ती काढली. एच-इंडेक्स २० असेल, तर त्या माणसाच्या किमान २० पेपरांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झालाय. साधं गणित आहे.

बाजूला आजी बसली होती. म्हणाली, "काय मोजतेस रे बाबू?" मी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग सहज विचारलं, "आजी, तुला लेकरं किती?"

"सात झाले. दोन तं बारशाच्या आधीच गेले."

आमच्या घरात काका-आत्या-बाबा धरून पाच नावं आहेत. उरलेल्या दोघांना नावच नव्हतं. कुठल्या कागदावर ती आहेत? बहुतेक कुठेच नाहीत. त्या रात्री मी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे पेपर शोधून वाचायला बसलो. आजचा भाग त्यांच्यावर.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. आपली वैनगंगा भंडाऱ्यावरून पवनीकडे जाते आणि पुढे खाली गडचिरोली जिल्ह्याच्या कडेनं वाहते. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. बंग दांपत्य नागपूरच्या मेडिकलमधून शिकलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलं आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली.

पहिला मोठा पेपर १९८९ चा, 'लॅन्सेट'मधला. त्यात पहिलं नाव राणी बंग यांचं आहे. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तर ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघर होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढाच सरकारी हिशोब होता.

मग आला न्यूमोनिया. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती ते मोजणं. पण गावातल्या बऱ्याच दायांना दहा-बारापुढे मोजता यायचं नाही. आता इंजिनियर म्हणून ऐका, मला हा भाग जाम आवडला. त्यांनी एक साधं यंत्र केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि बाजूला मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जास्त वेगानं चाललाय, औषध सुरू करायचं. ना बॅटरी, ना स्क्रीन. ज्या बाईला दहापर्यंतच येतं, तिच्यासाठी तेवढंच ठेवलं. आम्ही ॲप बनवताना 'युजरला समजत नाही' म्हणून किती वेळा हात झटकतो ते आठवलं.

आणि मग १९९९ चा डिसेंबर, पुन्हा 'लॅन्सेट'. याच पेपरमुळे जगानं गडचिरोलीचं नाव घेतलं.

प्रश्न असा होता. बाळ घरीच जन्मतंय, दवाखाना लांब, आणि बरेच आईबाप तान्हं बाळ बाहेर न्यायला तयार नाहीत. मग उपचारच घरी नेता येतील का? गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायका निवडल्या. बाळ ऊबदार ठेवणं, श्वास अडकला तर काय करायचं, वजन घेणं, जंतुसंसर्ग ओळखणं, आणि वेळ आली तर इंजेक्शन देणं, हे सगळं त्यांना शिकवलं. ३९ गावांत हे केलं, तुलनेसाठी ४७ गावं ठेवली.

निकाल? त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत जायची. १९९७-९८ मध्ये तो आकडा साधारण २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तिथेच राहिला. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर.

आता सायटेशनकडे येतो. या पेपरचा उल्लेख पुढे खूप झाला, पण मला आकड्यापेक्षा कुणी केला ते महत्त्वाचं वाटतं. बांगलादेशात सिल्हेटला, उत्तर प्रदेशात शिवगडला तशाच दिशेनं चाचण्या झाल्या, तिथेही मृत्यू घटले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मिळून नवजात बाळासाठी घरभेटी द्या असं सांगितलं. २०११ मध्ये भारत सरकारनं हे काम आशाताईंकडे दिलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. आज बेचाळिसाव्या दिवसापर्यंत वजनकाटा घेऊन दारात येणारी आशाताई, ती त्या पेपरची सायटेशनच आहे. फक्त गुगल स्कॉलरला ती दिसत नाही.

दुसरीही एक गोष्ट त्याला दिसत नाही. २००१ मध्ये बंग आणि राज्यातल्या इतर संस्थांनी 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. म्हणणं असं की महाराष्ट्रात जेवढे बालमृत्यू सरकारी कागदावर आहेत, त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रत्यक्षात होतात. अहवाल मराठीत. त्यानं कुणाचा एच-इंडेक्स वाढला नसेल, पण सरकारला समिती नेमावी लागली.

९ जानेवारी २०२१ ची रात्र आपल्या भंडाऱ्यात कुणी विसरलेलं नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण ती दहा मोजली गेली कारण ती दवाखान्यात होती. झोपडीत एकेकटं जाणारं बाळ बातमी होत नाही. ते आहे हे सांगायला कुणीतरी गावात राहून वही भरावी लागते, आणि दुसऱ्यानं घरोघर जाऊन ती वही तपासावी लागते. त्या ३९ गावांतला ६२ हा आकडा असाच आला. पेपर नंतरचा.

मी सायटेशनला नावं ठेवत नाही. तो उल्लेख नसता तर सिल्हेटला गडचिरोली कळलंच नसतं. एवढंच म्हणतो की ती शेवटची मोजणी आहे. आधी श्वास मोजावे लागतात, त्याआधी मेलेली बाळं मोजावी लागतात, आणि हे काम करणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा पेपरवर नसतं.

दुसऱ्या दिवशी आजीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माहे दोन लिहून ठेव कुठं तरी."

लिहिले आजी. एकूण सात.

तुमच्याही घरात एखादी आजी असेल. विचारून बघा, आणि काय म्हणाली ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.