अंडाशयाचा कर्करोग : ‘केआय-६७’ची टक्केवारी काय सांगते?

बेंगळुरू : अंडाशयातील गाठीच्या तपासणी अहवालात ‘केआय-६७ : ६० टक्के’ अशी नोंद दिसली की रुग्णाच्या कुटुंबाचा धीर खचतो. वास्तविक आजार शरीरात किती पसरला आहे किंवा रुग्ण वाचण्याची शक्यता किती, हे ही टक्केवारी सांगत नाही. तपासलेल्या नमुन्यातील दर शंभर कर्कपेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या, एवढेच तिच्यावरून समजते.

केआय-६७ हे पेशीकेंद्रातील प्रथिन आहे. ते विभाजनाच्या चक्रातील पेशींत आढळते, विश्रांत पेशींत आढळत नाही. जर्मनीतील कील येथे योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाची माहिती १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. नावातील ‘केआय’ म्हणजे कील शहर. सुरुवातीस ही चाचणी गोठवलेल्या ऊतींवरच होत असे. १९९० च्या दशकात मेणात जतन केलेल्या नमुन्यांवरही चालणारे ‘एमआयबी-१’ प्रतिपिंड आले आणि चाचणी नित्याच्या प्रयोगशाळांत पोहोचली. या चाचणीत विभाजनशील पेशींची केंद्रे सहसा तपकिरी दिसतात व पॅथॉलॉजिस्ट ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. एकाच गाठीच्या दोन भागांत हे प्रमाण भिन्न असू शकते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची थेट तुलना जपूनच करावी लागते.

अंडाशयाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ लावणे विशेष कठीण आहे. उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगात टक्केवारी बहुधा जास्त असते व गाठ झपाट्याने वाढते. मात्र कार्बोप्लॅटिनसारखी प्लॅटिनमयुक्त औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर अधिक परिणाम करतात. म्हणून याच रुग्णांत पहिल्या केमोथेरपीला अनेकदा चांगला प्रतिसाद मिळतो. आजार उलटण्याचा धोका मात्र राहतो. कमी श्रेणीच्या सीरस कर्करोगात टक्केवारी कमी आणि वाढ संथ असते, पण केमोथेरपीचा प्रभावही तुलनेने कमी पडतो. साहजिकच निर्देशांक व आयुर्मान यांच्या संबंधाबाबत विविध अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आजाराचा टप्पा, कर्करोगाचा प्रकार, शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेली गाठ आणि बीआरसीए जनुकांतील दोष यांना तज्ज्ञ अधिक महत्त्व देतात.

भारतीय महिलांमध्ये स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत मुंबई आणि चेन्नईबरोबर बेंगळुरूतही १९८२ पासून लोकसंख्याधारित नोंदणी होते. इंदिरानगरसह शहरातील रहिवाशांच्या या नोंदी किदवई स्मारक संस्थेत ठेवल्या जातात. एखादा निर्देशांक खरोखर भाकीत करतो का, हे ठरवण्यास रुग्णांचा असाच वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो.