माळवद उतरवलं तेव्हा

लोक म्हणतात, खेड्यातली घरं टीव्ही बघून बदलली. आमच्या लातूर भागात ती बदलली ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडांवर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारेगार, पण हललं की तेच अंगावर. गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली.

आमचं घर उभं राहिलं, पण आत निजायला कुणी धजेना. वडिलांनी माळवद उतरवलं. ढाळजेत पुरुषांची बैठक. बायका तिथं फिरकायच्या नाहीत. ढाळज आणि माजघरातली भिंत गेली, पत्र्याखाली एकच लांब खोली झाली. तिला सगळे ‘हॉल’ म्हणू लागले. पुरुषांची पंगत उठल्यावर चुलीपाशी जेवणारी आजी आता सगळ्यांबरोबर बसू लागली. आडोसाच नाही, तर जाणार कुठं?

पुढं टेबल आलं, तेव्हा म्हणाली, “खुर्चीवर बसून जेवायला ही काय कचेरी हाय?” पण जेवली तिथंच. टेबल माळवदाच्याच सागवानी तुळईचं. सुतारानं रंधा मारला, तरी खिळ्यांची भोकं अजून दिसतात.