भिंत गेली, फोटो उरले

शिकागोतील ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ मी फोटोंतूनच पाहिली. १९६७च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय कलावंतांनी ४३वा रस्ता व लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरील जुन्या इमारतीवर ती रंगवली. माल्कम एक्स, मुहंमद अली. आपले नायक कोण, हे त्यांनी स्वतः ठरवलं. रॉबर्ट सेंगस्टॅक, रॉय लुईस हे छायाचित्रकार त्याच गटातले. त्यांचे काही फोटो तर भिंतीवरच लावलेले. शिवाय भिंत रंगताना त्यांनी कलावंत आणि भोवती जमलेली वस्तीही टिपली.

१९७१ साली आग लागली, नंतर इमारत पाडली गेली. आज ती भिंत कळते ती मुख्यतः या फोटोंमुळे. आपल्या मोहल्ल्यातल्या किती भिंती अशा पुसल्या गेल्या! त्यांचे फोटो कुणी काढले? दस्तऐवज नसला की इतिहास दुसरेच लिहितात.