उलाढाल, नफा, मजुरी : रावेरच्या केळीच्या गाडीवरून समजून घेऊया

रावेर तालुक्यात केळीचा भाव हा चहाच्या टपरीवरचाही विषय असतो. पण बोलताना उलाढाल आणि नफा यांची सर्रास गल्लत होते. फरक कळायला एक गाडी घेऊ. आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत.

समजा, व्यापाऱ्याने २०० क्विंटल केळी १,२०० रुपये क्विंटलने घेतली आणि १,५०० ने विकली. विक्रीचे ३ लाख रुपये ही उलाढाल. त्यातून खरेदीचे २ लाख ४० हजार आणि कापणी, भराई, गाडीभाडं यांचे ३५ हजार वजा केले की उरतो २५ हजारांचा ढोबळ नफा. ऑफिसचं भाडं, पगार, कर्जाचं व्याज यात आणखी १० हजार गेले की निव्वळ नफा १५ हजार. शेतकऱ्याला पैसे देण्यापासून बाहेरगावचे पैसे येईपर्यंत धंदा चालवणारी रक्कम म्हणजे खेळतं भांडवल.

आता २०० पैकी १० क्विंटल माल खराब निघाला तर? १५ हजार गेले, म्हणजे सगळा निव्वळ नफा संपला. तो वाचवणं बरंचसं घड कापणाऱ्या आणि उचलणाऱ्या माणसाच्या हातात असतं.

मग तो माणूस काळजीने काम का करेल?

रोजाने पैसे मिळत असतील तर घाई करायचं कारण नाही. उक्तं काम असेल, म्हणजे जितका माल तितके पैसे, तर हात झपाझप चालतात. पण घड आपटला तरी मजुरी तेवढीच. शिवाय केळीला लागलेला मार बऱ्याचदा पिकल्यावर काळा डाग होऊन दिसतो, तोवर टोळी दुसऱ्या बागेत पोहोचलेली असते. अशा वेळी मजुराला निष्काळजी म्हणणं सोपं आहे, पण त्याला पैसे वेगाचेच मिळत असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह एक पुस्तक लिहिलं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटशी बोलून त्यांनी मांडलं की, पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण ती सुधारली म्हणून आपोआप जीव ओतून काम करत नाही. त्यासाठी कामाची दखल, जबाबदारी आणि 'हे मी केलं' ही भावना लागते. अर्थात, ज्याची मजुरीच वेळेवर मिळत नाही त्याला नुसती शाबासकी देणं म्हणजे थट्टाच.

दुसरा मार्ग मालकीचा. याच जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली, तीच आजची विप्रो. तिचे शेअर, म्हणजे मालकीचे छोटे हिस्से, जपून ठेवलेल्या अमळनेरकरांची संपत्ती कंपनीबरोबर वाढली. पुढे विप्रोने कर्मचाऱ्यांनाही शेअर दिले.

केळी कापणाऱ्या टोळीला शेअर कोण देणार? पण निर्यातीच्या मालात एक वेगळी सोय आहे. तिथे फण्या वेगळ्या करून, धुऊन, निवडून खोक्यात भरतात. मार लागलेली फणी बरेचदा तिथेच बाजूला पडते. कोणत्या टोळीचा किती माल नाकारला गेला हे त्याच दिवशी सांगता येतं, आणि चांगल्या मालावर क्विंटलमागे चार पैसे जास्तही देता येतात.